ओव्हाळबाईंचं लेबल

आमच्या सोसायटीच्या सभांचं इतिवृत्त ज्या वहीत लिहिलं जातं, त्या वहीत एक वाक्य माझ्या हस्ताक्षरात आहे. मी नऊ वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि माझं अक्षर चांगलं आहे, असं लोक म्हणतात. वाक्य असं: 'श्रीमती प्रमिला ओव्हाळ यांनी तलावाच्या पाण्यात केलेल्या अनधिकृत प्रयोगांमुळे लायनर निकामी झाले.' त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. बाकी सगळं चूक आहे. ते आठवलं की आजही डोकं तापतं, चेअरमनवर तापतं, सभेवर तापतं, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःवर तापतं.

ओव्हाळबाई आमच्या वारज्याच्या सोसायटीत बी विंगला तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. एकट्याच. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नागपूरला, मुलगा हडपसरला. शहरातल्या एका जुन्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या चौतीस वर्षं सहायक होत्या. कुणी 'मॅडम' म्हटलं की जागच्या जागी दुरुस्ती करायच्या, "मॅडम शिकवणाऱ्या. मी बाटल्या भरणारी. बाई म्हणा." बुटक्या, ताठ, सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हातात कंपासपेटी. पेटीत कंपास नव्हता. ड्रॉपर होता, पाण्याचा आंबटपणा मोजायच्या कागदी पट्ट्या होत्या, छोटी कात्री होती, आणि मागं डिंक लावलेली पांढरी लेबलं होती.

लेबलाशिवाय त्यांच्या घरात काही राहत नसे. मेतकुटाच्या बरणीवर 'मेतकूट', भरल्याची तारीख आणि 'प्र. ओ.' अशी सही. एकदा कसल्याशा कागदावर सही घ्यायला गेलो तर त्यांनी चहा केला. साखरेची बरणी पुढे सरकवली, तिच्यावर दोन लेबलं. वरच्यावर 'मीठ' आणि त्याच्याच खाली 'साखर'. माझा चमचा अडला. म्हटलं, "बाई, हे वरचं काढून का नाही टाकत?"

"चुकीचं लेबल फाडायचं नसतं," त्या म्हणाल्या. "त्याच्या खाली बरोबर लेबल लावायचं, सही करून. आधी काय चुकलं होतं ते पुढच्याला दिसलं पाहिजे. फाडलं की चूक करणारा सुटतो. हे मीठ आमच्या लेकीनं चिकटवलंय, नववीत असताना. अजून दाखवते तिला."

आता तलावाबद्दल सांगायला हवं. बिल्डरनं फ्लॅट विकताना जो पोहण्याचा तलाव चित्रात दाखवला होता, तो त्यानं दिला खरा, पण आपल्या पद्धतीनं. खाली लोखंडी सांगाडा आणि आतून व्हिनाइलचा जाड पडदा अंथरलेला. त्याला लायनर म्हणतात. या लायनरवर निळ्या फरश्या छापलेल्या होत्या, मधल्या सिमेंटच्या रेघांसकट, अशा हुबेहूब की काठावरून बघणाऱ्याला टाइल्सच वाटाव्यात. हे नीट लक्षात ठेवा, कारण आमच्या सोसायटीची सगळी अक्कल पुढे इथेच बुडाली.

तलावात बोअरचं पाणी, आणि उन्हाळ्यात टँकरचं. आमच्याकडचं बोअरचं पाणी कसं, तर वर्षभरात गिझरची कॉइल दगड होते. तलावात पाणी जिथपर्यंत यायचं तिथे चारी बाजूंनी वीतभर रुंदीचा पांढरा थर बसला होता. नव्या खवणीसारखा खरखरीत. उन्हाळ्यात मुलं उतरली की संध्याकाळी घरोघर कोपर-गुडघ्यांना हळद.

एका संध्याकाळी ए विंगमधली एक मुलगी सोलवटलेलं कोपर धरून रडत होती आणि तिची आई वॉचमनला झापत होती. ओव्हाळबाई फेरी मारायला निघाल्या होत्या. त्यांनी मुलीचं कोपर पाहिलं, मग काठाशी वाकून भिंत पाहिली, घरी जाऊन व्हिनेगर आणलं आणि ड्रॉपरनं दोन थेंब त्या पांढऱ्या थरावर सोडले. थर फसफसला.

"क्षार आहे. निघेल," त्या म्हणाल्या. "पण घाई केलीत तर लायनर जाईल. तलाव कोण बघतं?"

"कमिटी," मी म्हणालो.

"म्हणजे कुणी नाही."

दिवाळीनंतर तलाव पोहायला बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ओव्हाळबाई काठावर पाट टाकून बसल्या. त्यांना पोहता येत नव्हतं. गुडघाभर पाण्यातसुद्धा त्या कधी उतरल्या नाहीत. काठावरूनच वाकायच्या. पाण्यात पट्टी बुडवून रंग बघायचा आणि पाण्याचा आंबटपणा थोडा, अगदी थोडा वाढता ठेवायचा, की भिंतीवरचा क्षार हळूहळू सुटायला लागतो. मग जुन्या बनियनचा तुकडा व्हिनेगरमध्ये भिजवून थरावर चिकटवायचा, वीस मिनिटं थांबायचं आणि मऊ हातानं पुसायचं. दिवसाला तीन फूट. त्यातलेही काही फूट चार-चार वेळा. काठालगत त्यांनी नायलॉनची दोरी बांधली होती आणि आज जिथवर काम झालं तिथे कपडे वाळत घालायचा लाल चिमटा लावायच्या. हिवाळाभर आमच्या अख्ख्या सोसायटीतल्या पुरुषांची जुनी बनियनं त्या कामी आली. दारावर येऊन सरळ मागायच्या, "भोकं असली तरी चालतील, धुतलेलं द्या."

एकदा मी म्हटलं, "बाई, पत्र्यानं खरवडलं तर दोन दिवसांत होईल."

"खरवडायचं नसतं. पाण्यानंच ठेवलंय, पाण्यालाच न्यायला लावायचं," त्या म्हणाल्या आणि बनियनचा तुकडा पिळला. नवीन काही करायचं तर त्यांचं दुसरं एक वाक्य ठरलेलं होतं. "आधी थेंब, मग बादली." कुठलीही गोष्ट आधी कोपऱ्यात एका थेंबानं करून बघायची, रात्रभर थांबायचं, मग पुढे.

नुसता थर काढून भागणार नव्हतं. येणारं पाणीच जड असेल तर तो पुन्हा बसणार. म्हणून बोअर बंद आणि हिवाळ्यातही टँकर, आणि तो आला की बाई फाटकावर. अर्धी बाटली पाणी घ्यायचं, त्यात साबणाचा तुकडा, दहा वेळा हलवायचं. फेस आला तर टँकर आत. फेस न येता दह्यासारखं काही तरंगलं तर टँकर बाहेर. टँकरवाला बबन, पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या झालेला, पहिल्या दिवशी भडकलाच होता.

"बाई, पानी चांगलं हाय की. समद्या सोसायट्या हेच घेत्यात."

"चांगलं आहे. भांड्यांना, झाडांना. तलावाला नाही. ही बाटली बघ आणि तूच सांग, फेस आहे?"

बबननं बाटली उन्हात धरून पाहिली. खोटं बोलता येईना. टँकर मागं घेतला. पुढे पुढे तोच फाटकाबाहेर गाडी थांबवून बाटली घेऊन आत यायचा आणि म्हणायचा, "हलवा, बाई." आमच्या सोसायटीत बाईंचं म्हणणं पुराव्यासकट मान्य करणारा पहिला माणूस हा, आणि तो सोसायटीचा नव्हता.

चेअरमनना मात्र परत जाणारा टँकर म्हणजे स्वतःचा अपमान वाटायचा. आमचे चेअरमन अकरा वर्षं चेअरमन आहेत. त्यांना नाव आहे, पण ते कुणी वापरत नाही. त्यांच्या घरी फोन केला तर वहिनी सांगतात, "चेअरमन आंघोळीला गेलेत." एका सकाळी ते काठावर आले आणि म्हणाले, "मॅडम, फरश्या पुसायला चार महिने? आमची बाई अख्खं बाथरूम अर्ध्या तासात अ‍ॅसिडनं चकाचक करते."

"या फरश्या नाहीत. फरश्यांचं चित्र आहे."

चेअरमन हसले. "अहो, अकरा वर्षं बघतोय मी."

"बघताय. हात कधी लावलात?"

चेअरमननी हात लावला नाही. आमच्याकडे बायकांचं ऐकून खाली वाकायची पद्धत नाही. त्या दिवसापासून ओव्हाळबाई त्यांच्या डोळ्यांत सलायला लागल्या, आणि हे मला दिसत होतं.

एप्रिलमध्ये साडेतीन बाजू स्वच्छ झाल्या होत्या. निळा रंग नव्यासारखा. हात फिरवला तर गुळगुळीत. तेवढ्यात मुलीच्या बाळंतपणासाठी बाईंना नागपूरला जावं लागलं. जाताना त्यांनी पंपाच्या खोलीच्या दारावर कागद लावला. एक, पाणी पूर्ण काढू नये, लायनर उन्हात आकसतं. दोन, फरशीचं अ‍ॅसिड लावू नये. तीन, तारेचा ब्रश वापरू नये. खाली तारीख आणि प्र. ओ. मला स्वतः वाचून दाखवलं आणि विचारलं, "कळलं ना? उरलेली अर्धी बाजू मी आल्यावर करीन. ती तशीच राहू द्या."

मी म्हणालो, "कळलं."

मे महिन्यात मुलांच्या उन्हाळी शिबिराचं उद्घाटन ठरलं. पाहुणे माजी नगरसेवक, आणि स्वतःच्या मते भावीही. चेअरमनना त्या उरलेल्या अर्ध्या बाजूची लाज वाटली. त्यांनी फरशी पॉलिश करणारा कंत्राटदार बोलावला. कामाच्या आदल्या दिवशी पंप लावून तलावातलं सगळं पाणी काढलं. सकाळी कंत्राटदाराचा माणूस आत उतरला, त्यानं भिंतीवर बोट दाबून पाहिलं आणि वर बघून म्हणाला, "साहब, ये तो प्लास्टिक लगता है."

"टाइल्स आहेत. इम्पोर्टेड," चेअरमन म्हणाले.

तो बिचारा हातावर पोट असलेला माणूस. त्यानं अ‍ॅसिड ओतलं आणि तारेचा ब्रश चालवला. पहिल्या पाच मिनिटांत ब्रशला निळा रंग आला. इम्पोर्टेड टाइल्स पुसल्या जाऊ लागल्या. तरी चेअरमन म्हणत होते, मळ निघतोय, मळ निघतोय. बारा वाजेपर्यंत भिंतीवर पांढरे फराटे उमटले होते, आणि दुपारच्या उन्हात ते कोरडं लायनर आकसून कोपऱ्यातून सुटलं आणि हातभर फाटलं. अ‍ॅसिडच्या वासानं खालच्या मजल्यावरची माणसं खिडक्या लावून बसली.

आणि मी कुठे होतो, तर गॅलरीत चहा घेत. दारावरचा कागद मला पाठ होता. त्या माणसाला बोट दाबताना मी पाहिलं. मला खाली जायला दोन मिनिटं लागली असती. मी स्वतःला सांगितलं, चेअरमन आहेत ना तिथे.

चार दिवसांनी विशेष सभा भरली. लायनर गेलं, नवं घालावं लागणार, तर कुणामुळे गेलं हे ठरवायला नको का. कंत्राटदारामुळे म्हणावं तर त्याला आणलं कुणी, असा प्रश्न आला असता. त्यापेक्षा नागपूरला गेलेली बाई सोयीची. एकानं विचारलं, "रोज व्हिनेगर ओतत होत्या त्या. लोणचं घालायचं होतं का?" लोक हसले. दुसरे म्हणाले, "त्यांनीच पडदा कमकुवत केला, फाटायला निमित्त झालं." आणि मागच्या रांगेतून कुणीतरी, चेहरा न दाखवता, म्हणालं, "ज्याला त्याला पाण्याला हात लावू दिला की असंच व्हायचं." यावर कुणी हसलं नाही आणि कुणी हरकतही घेतली नाही. सगळ्यांना अर्थ कळला होता. चेअरमन मला म्हणाले, "घ्या लिहून, सभ्य भाषेत." मी सभ्य भाषेत लिहून घेतलं.

बाई जूनमध्ये परतल्या. आधी तलावावर गेल्या. फाटलेल्या कोपऱ्यापाशी वाकून कात्रीनं लायनरचे तीन तुकडे कापून घेतले आणि मग माझ्याकडे आल्या. चेअरमनकडे गेल्या नाहीत. वही मागितली. उभ्यानंच वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं.

"बाई, सभेचं मत होतं," मी म्हणालो.

"माझी आई सांगायची," त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "गावच्या विहिरीवर तिच्या आईला वरून पाणी वाढायचे. हात लागला तर पाणी नासतं म्हणून. ते लोक अडाणी होते, असं आम्ही म्हणायचो. तुम्ही तेच लिहिलंय. फक्त अक्षर चांगलं आहे."

त्या पुढे म्हणाल्या, "चौतीस वर्षांत माझ्या हातून चुकीच्या लेबलाची एक बाटली बाहेर गेली नाही. आणि तुम्ही मलाच चुकीचं लावलंत. मला तलाव नको, माफी नको. हे दुरुस्त करून द्या."

वार्षिक सभेत पहिला विषय असतो, मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचणार कोण, तर मी. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, समोरच्या टेबलावर काचेच्या तीन बरण्या, तिन्हींना लेबलं, प्रत्येकीत लायनरचा एकेक तुकडा. साधं पाणी. व्हिनेगर. फरशीचं अ‍ॅसिड. सभा सुरू व्हायच्या दोन तास आधी भरून आणल्या होत्या. मी ते वाक्य शक्य तितक्या लवकर आणि शक्य तितक्या हळू आवाजात वाचलं. बाई उठल्या. चिमट्यानं एकेक तुकडा बाहेर काढून बशीत ठेवला आणि बोटाला गुंडाळलेल्या बनियननं तिन्ही पुसले. पाण्यातला तुकडा निळा. व्हिनेगरमधला निळा. तिसऱ्यावरच्या फरश्या बनियनवर आल्या.

"आधी थेंब, मग बादली," त्या म्हणाल्या. "तुम्ही बादलीच ओतलीत. ठीक आहे. पण माझ्या नावावर का?"

माझ्या मनात आलं, आता कुणीतरी बोलेल. कुणी काय, मी बोलायला हवं होतं. चेअरमन म्हणाले, "प्रयोग छान होता मॅडम, आपण त्याची नोंद घेऊ. इतिवृत्त कायम करण्यासाठी हात वर करा." हात वर झाले. ज्यांच्या मुलांची कोपरं त्या हिवाळ्यानं वाचवली असती, त्यांचेही झाले. ए विंगमधल्या त्या रडणाऱ्या मुलीच्या आईचाही झाला. मी सेक्रेटरी म्हणून हात मोजत होतो, म्हणून माझा वर झाला नाही. आपण तटस्थ राहिलो, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिनं जेवायला वाढलं आणि उठून गेली.

हात मोजून झाल्यावर बाई टेबलाशी आल्या. कंपासपेटी उघडली, एक लेबल काढलं, माझ्याच पेननं त्यावर काही लिहिलं, जिभेवर टेकवलं आणि वहीत त्या वाक्याच्या बरोबर खाली चिकटवून अंगठ्यानं दाबलं. चेअरमन म्हणाले, "अहो, हे नियमात बसत नाही." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "फाडू नका. वरचं पण आणि हे पण."

लेबलावर लिहिलं होतं: 'वरील मजकूर तपासला. चूक आढळली. प्र. ओ.' आणि तारीख. चेअरमननी मला दोनदा सांगितलं, ते पान बदलून घ्या. मी बदललं नाही. एवढं एक केलं, आणि त्यात मोठेपणा काही नाही. वही माझ्याच कपाटात असते.

नंतर त्या तलावाकडे फिरकल्या नाहीत. दोरी तशीच राहिली, लाल चिमटा शेवटच्या बाजूच्या मध्यावर, उन्हानं फिका पडत गेलेला. जानेवारीत नवं लायनर आलं. त्यावरही फरश्यांचंच चित्र, चेअरमननी निवडलेलं. ज्या सकाळी तलाव भरायला पहिला टँकर यायचा होता, त्याच सकाळी बाईंचं सामान टेम्पोत चढलं. त्या हडपसरला मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. बरण्या जुन्या बनियनांत गुंडाळून दोन खोकी भरली होती. मी निरोप द्यायला फाटकाशी गेलो. बाई टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या.

तेवढ्यात बबनचा टँकर आला. सवयीनं फाटकाबाहेर थांबला. बबन बाटली घेऊन उतरला, साबण टाकलेली, आणि टेम्पोच्या खिडकीशी गेला. "हलवा, बाई."

बाईंनी बाटली घेतली. दहा वेळा हलवली. उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिलं. मग बाटली बबनला परत न देता खिडकीतून माझ्याकडे केली.

"काय दिसतं?"

वर पाण्याची रेघ होती आणि तिच्याखाली दह्यासारखे कण फिरत होते. वरच्या गॅलरीतून चेअरमन ओरडले, "अरे, उभा काय राहिलास? घे आत."

"फेस नाही," मी म्हणालो.

"मला नका सांगू. मी चालले. मोठ्यानं सांगा."

मी मान वर केली. नऊ वर्षांत मी त्या गॅलरीच्या दिशेनं आवाज चढवून एक शब्द बोललो नव्हतो. "हे पाणी चालणार नाही," मी ओरडलो. "बबन, टँकर परत ने."

बबननं आधी बाईंकडे पाहिलं. बाईंनी नुसती मान हलवली. टँकर मागं गेला. त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, पाणी फाटकाच्या बोगनवेलीला ओतलं, झाकण लावून बाटली पिशवीत टाकली आणि टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "चला. हळू घ्या, मागं काच आहे."